मावशींच्या सहीतला न

कोपरला खोली बघायला आम्ही गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी खोली दाखवायच्या आधी माझा हात मागितला. मला वाटलं, भविष्यबिविष्य बघतात की काय. त्यांनी माझा तळवा उलटा केला, सुलटा केला, बोटांची पेरं अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, "भांडी तूच घासतंस?"

मी हो म्हटलं.

"आनि कपरं?"

"तेही मीच धुते."

"मंग ऱ्हा," त्या म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्याकडे न बघताच किल्ली माझ्या हातात ठेवली.

एवढीच आमची मुलाखत. नवरा काय करतो, गाव कुठलं, माणसं किती येणार-जाणार, यातलं त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. नवरा एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जायचा, ते त्यांना दोरीवरच्या शर्टाला नाक लावून कळलं.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. डोंबिवली पश्चिमेला स्टेशनपासून चालत निघालं की दुकानं संपायची आणि मग कोपर गाव लागायचं. घरमालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, तिथल्याच आगरी. साठीच्या पुढच्या, हातापायांनी काटक. उमेदीत मिठागरावर राबलेल्या, शेती केलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक कळव्याला दिली होती. खाडीकडची जमीन बिल्डरने घेतली, त्या पैशांत त्यांनी आठ खोल्यांची दुमजली चाळ बांधली आणि बाकीचे पैसे बँकेत ठेवले. शेजारी दिराचा मुलगा राहायचा. तो मावशींचा कारभार आपणच बघतो असं गावात सांगायचा. मावशी त्याला काहीच बघू द्यायच्या नाहीत.

मावशींचा शब्दावर विश्वास नव्हता, हातावर होता. बाजारात तोंडली घेतानासुद्धा एकेक दाबून घ्यायच्या, भाजीवाली कंटाळून म्हणायची, "मावशी, लगीन लावताय काय त्याच्याशी?" चाळीचं प्लास्टर ओलं असताना त्यांनी प्रत्येक खोलीत अंगठा दाबून पाहिला होता. आमच्या दाराशेजारी तो ठसा होता, मी त्याच्यावर कॅलेंडर लावलं होतं. डॉक्टरांनी नाडी बघायला त्यांचा हात धरला की त्या दुसऱ्या हाताने डॉक्टरांची नाडी धरायच्या. "त्याचा भी बगाया नको?" असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर बिचारे सरावले होते. एकदा तर त्यांनी विचारलंही म्हणे, "काय, कशी आहे माझी?" मावशी म्हणाल्या, "घाई जास्ती हाय."

खुर्चीवर त्या बसत नसत. "पाय लोंबतान," म्हणायच्या. जिथे जातील तिथे जमिनीवर फतकल मारायच्या. आमच्या घरात त्याचं काही नव्हतं, पण बँकेतही त्या साहेबांच्या टेबलासमोर खालीच बसायच्या. पलीकडून साहेबांना फक्त आवाज ऐकू यायचा. शेवटी साहेबच उठून टेबलाच्या अलीकडे यायचे. मोठी ठेव असलेलं गिऱ्हाईक, करतात काय! पाणी मात्र त्या घरून न्यायच्या. बँकेचं पाणी मचूळ असतं असं एकदा चाखून त्यांनी ठरवलं होतं.

मी घरी शिकवण्या घ्यायचे, म्हणून मी 'मास्तरीन'. एका दुपारी मुलं गेल्यावर मावशी पाटी घेऊन वर आमच्या खोलीत आल्या आणि बसकण मारून म्हणाल्या, "मना सही शिकव."

"आता कशाला, मावशी? अंगठा चालतो ना."

"जमीन इकली तवा अंगठा दिला. समदे अंगठ्याकरं बगत व्हते. माज्याकरं कोन बगत नव्हता."

मग आम्ही बसलो. तीन महिने लागले. त्यांना अक्षर म्हणून अक्षर येत नव्हतं, पण चित्र म्हणून ते त्या बरोबर धरायच्या. क म्हणजे कानातली कुडी, ब म्हणजे पोटात काठी खुपसलेला व. त्यांचं नाव मी इथे सांगत नाही, पण त्या नावाच्या मधोमध एक ण आहे, आणि त्या ण वर आमचं भांडण झालं.

"हा कोन?" त्यांनी विचारलं.

"ण. बाणातला ण."

"माज्या नावात हा नाय."

"आहे, मावशी. असंच लिहितात."

"लिवू दे कोनी भी. मना आय हाक मारायची तवा न बोलायची. बा पन न बोलायचा. आमच्या आख्ख्या गावात हा बानवाला कोनाच्या तोंडात नाय. मंग माज्या नावात कुठून आला?"

मी व्याकरण सांगितलं, शाळेच्या दाखल्याचं उदाहरण दिलं, शेवटी चिडलेसुद्धा. त्यांनी पाटी पुसली, मोठा थोरला न काढला आणि माझ्यासमोर धरला. शेवटी मी हात टेकले. मावशींची सही न ने झाली. बँकेतही तीच नोंदवली गेली. एक सही करायला चार-पाच मिनिटं लागायची, आणि झाल्यावर त्या पेन असं खाली ठेवायच्या, जशी डोक्यावरची पाटी उतरवली.

ह्यानंतर वर्षभराने बँकेच्या साहेबांनी त्यांना क्रेडिट कार्ड दिलं. त्यांना वरून तसे आदेश असावेत, नाहीतर जिला बेरीज बोटांवर येते तिला कोण कार्ड देतो! मावशी तरी घेणार नव्हत्या. पण कार्डावर नाव उठावाने छापलेलं असतं. साहेबांनी ते हातात दिलं आणि मावशींचा अंगठा त्यावरून फिरला. इंग्रजी अक्षरं होती, पण हाताला लागत होती.

"हे मी?" त्यांनी वर येऊन मला विचारलं.

"हो, तुम्ही."

"सातबाऱ्यावर सासरा, मंग दादला, मंग दीर. रेशनकारडावर भी दादला. हे एकटी मीच?"

"एकट्या तुम्हीच."

कार्ड कनवटीला गेलं. त्याने काही विकत घेता येतं ह्यात त्यांना फारसा रस नव्हता. दुपारी ओट्यावर बसून त्या नुसत्या त्यावरून अंगठा फिरवत असायच्या.

पण कळव्याच्या लेकीचा मिक्सर जळला. मावशी एकट्याच ठाण्याला गेल्या, स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात शिरल्या आणि मिक्सर निवडला. किती वेळ दाबून-ठोकून निवडला असेल, देवाला ठाऊक. मग ऐटीत कार्ड काढलं. त्या काळी दुकानात एक लोखंडी यंत्र असायचं. त्यात कार्ड ठेवायचं, त्यावर कार्बनवाली स्लिप ठेवायची आणि वरचा दांडा खर्रकन फिरवायचा, की कार्डाचा उठाव कागदावर यायचा. खाली सही करायची की झालं. मावशींनी सही केली, मिक्सर काखेत मारला आणि लेकीच्या घरी दिला. आठ दिवस त्या मिक्सरपेक्षा त्या खर्र आवाजाचंच कौतुक सांगत होत्या.

पुढल्या महिन्यात बँकेचं स्टेटमेंट आलं. ते मीच वाचून दाखवायचे. मिक्सरचे अठराशे बरोबर होते. त्याखाली त्याच दुकानाचं नाव, चार दिवसांनंतरची तारीख, अकरा हजार चारशे.

"टीव्ही घेतलात का तुम्ही?" मी गमतीने विचारलं.

मावशी हसल्या नाहीत. "दोनदा खर्र केला त्याना," त्या म्हणाल्या. "मी बोल्ली, दोनदा कनाला? तो बोल्ला, पयला नीट उठला नाय."

मी त्यांच्यासाठी अर्ज लिहिला: ही खरेदी मी केलेली नाही, रक्कम कमी करावी. त्यांनी चार मिनिटांची सही केली आणि पुतण्याला बरोबर घेऊन बँकेत गेल्या. मला जायचं होतं, पण शिकवणीची मुलं बसली होती. साहेबांनी अर्ज घेतला, दुकानाकडून सहीची स्लिप मागवू म्हणाले, महिना-दीड महिना लागेल म्हणाले. दोनदा खर्र झाल्याचं मावशींनी सांगितलं, ते त्यांनी लिहून घेतलं नाही. तोवर स्टेटमेंटवर व्याज चढू लागलं. मी आकडा वाचला की मावशी म्हणायच्या, "कागदाला तोंड हाय, हात नाय. बोलू दे."

स्लिपची झेरॉक्स आली तेव्हाही पुतण्याच बरोबर होता. सही मराठीत होती. मावशींचंच नाव, वळणदार, झोकदार. साहेब म्हणाले, "आजी, ही तर तुमचीच सही दिसते."

"एवरी सुंदर सही मना जल्मात येनार नाय," मावशी म्हणाल्या.

साहेबांना काम होतं, रांग होती. ते म्हणाले, "मग घरात चौकशी करा. कार्ड घरातल्याच कुणीतरी नेलेलं असतं, आम्ही रोज बघतो. तुमचे अर्ज कोण लिहितं?"

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की संध्याकाळी नळावर पुतण्या उभा होता, पाच-सहा बायका होत्या, आणि मी कळशी लावल्यावर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तरीनबाईंचा अक्षर लय वळनदार, नाय?"

कळशी भरून वाहायला लागली तरी मी उभीच. दुसऱ्या दिवशी शिकवणीला सातांपैकी तीन मुलं आली. नवरा रात्रपाळीहून आला, त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दुसरी खोली बघू." मला खोलीचं काही नव्हतं. मावशी वर आल्या नाहीत, ते लागलं होतं. एरवी दिवसातून चार वेळा दारात खोकून आत यायच्या, पातेल्याचं झाकण उघडून आमटीत बोट घालून मीठ सांगायच्या. मला त्याचा राग यायचा. त्या दोन दिवसांत आमटी खारट झाली की आळणी, मला कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोकल्याचा आवाज आला. मावशी आत आल्या, बसल्या आणि एक कोरा कागद पुढे केला.

"माजा नाव लिव."

"मावशी, तुम्हालाही असं वाटतं?"

"लिव आदी."

मी लिहिलं. नेहमीपेक्षा जास्तच नीट लिहिलं गेलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेतली. त्यांनी कागद उचलला, उजेडाकडे धरला, घडी घातली, कनवटीला खोचला आणि खाली गेल्या. मी ट्रंक काढून कपडे भरायला घेतले.

सकाळी दहाला पुन्हा खोकला. "चल बँकेत."

"मी कशाला?"

"चपला घाल."

बँकेच्या दारात त्यांनी चपला काढल्या, साहेबांच्या टेबलासमोर गेल्या आणि फतकल मारली. साहेब उठून अलीकडे आले. मावशींनी दोन कागद फरशीवर शेजारी शेजारी पसरले. एक स्लिपची झेरॉक्स, दुसरा माझा.

"दोनी एकाच हाताचं हायत का, सांग."

साहेब वाकून बघू लागले. "आजी, मी काही तज्ज्ञ नाही. दोन्ही अक्षरं चांगली आहेत."

"मंग मी सांगते. ही मास्तरीन आदी अक्षरा लिवते, मंग वरची रेघ मारते. एकदम. वलनीवर साडी टाकतान तशी. ह्याची रेघ बग, एकेकाच्या डोक्यावर येगली टोपी. आनि ह्यो मदला बानवाला. हिच्या बानवाल्याचा पोट बग, सातवा म्हैना. ह्याचा उपाशी."

मी खाली बघितलं. खरंच होतं. आपण रेघ शेवटी मारतो, हे मलाच माहीत नव्हतं. तीन महिने मी त्यांना अक्षरं शिकवत होते आणि त्या माझा हात बघत होत्या.

साहेबांना हसू आलं, पण ते साहेबच. म्हणाले, "ठीक आहे. ह्या बाईंनी केली नाही. पण तुम्ही केली नाहीत हे कसं समजायचं?"

"कागूद दे."

शिपायाने कागद दिला, पेन दिलं. मावशी फरशीवर ओणव्या झाल्या. पहिलं अक्षर काढलं, थांबल्या, श्वास घेतला. कागद उडू लागला तेव्हा शिपायाने आपणहून पंखा बंद केला. पासबुकवाली रांग इकडे बघू लागली. कुणीतरी "च्यायला" म्हणालं, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. मावशींच्या कपाळावरून घाम ओघळला, तो पदराने टिपला, पुढचं अक्षर. साहेब आधी उभे होते, मग वाकले, मग विजारीची इस्त्री विसरून उकिडवेच बसले.

सही झाली. मावशींनी पेन ठेवलं.

"आजी," साहेब म्हणाले, "हे चुकलं की. इथे ण पाहिजे, तुम्ही न काढलाय."

"चुकला नाय. माजा नाव न चा हाय."

साहेब काहीतरी बोलणार होते. पण त्यांची नजर शेजारच्या झेरॉक्सवर गेली आणि ते थांबले. उठले, कपाटातून मावशींच्या नमुना सहीचं कार्ड काढलं. त्यावर न होता. क्रेडिट कार्डाच्या अर्जावर न. मावशींनी कनवटीचं कार्ड काढून उलटं करून दाखवलं, मागच्या पट्टीवर न, आणि पट्टी पुरली नाही म्हणून बाहेर गेलेली रेघ. मिक्सरच्या स्लिपची प्रत अर्ज लिहिला तेव्हापासून माझ्या पर्समध्येच होती, तिच्यावरही न. फक्त अकरा हजार चारशेच्या स्लिपवर तेवढा ण.

साहेबांनी कागद खाली ठेवले. "त्यानं तुमचं शुद्धलेखन सुधारलं हो, आजी!"

"शिकलेला आसंल," मावशी म्हणाल्या. "शिकलेली मानसा दुसऱ्याचा नाव नीट आयकत नाय." आणि माझ्याकडे बघितलं.

मग मात्र साहेबांनी त्यांना दोनदा खर्र झाल्याची हकीकत पहिल्यापासून विचारली, आणि ह्या वेळी सगळी लिहून घेतली. पुढल्या स्टेटमेंटमध्ये अकरा हजार चारशे गेले, व्याजही गेलं. काउंटरवरच्या माणसाने 'नीट न उठलेली' स्लिप गल्ल्याखाली सरकवून नंतर वापरली होती. दुकानाने त्याला काढून टाकलं, असं बँकेतून कळलं. मावशींनी कार्ड परत केलं नाही. नंतर एकदा आम्ही मिळून ठाण्याला कुकर घ्यायला गेलो, तेव्हा त्या काउंटरच्या पलीकडे गेल्या, दुकानदाराला कोपराने बाजूला केलं आणि दांडा स्वतः फिरवला. मिठागरावर फावडं मारलेला हात तो, यंत्र टेबलासकट सरकलं. दुकानदार "मावशी, मावशी" करत राहिला. "एकदा," त्या बोट नाचवून म्हणाल्या, "एकदाच."

पुतण्याला त्यांनी बँकेतून आल्या दिवशीच संध्याकाळी नळावर बोलावलं. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "जिथं सांडला तिथं पुसाचा." बायका जमल्या होत्याच, आणखी जमल्या. पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "मास्तरीनबाईंनी नाय केली सही."

"मोठ्यान."

तो मोठ्याने म्हणाला. मग मावशींनी त्याच्या हातात माझ्या दोन कळश्या दिल्या आणि जिन्याकडे बोट दाखवलं. तो वर चढून गेला. खालच्या मजल्यावरच्या एकीने तिथेच मला विचारलं, "उद्या पाठवू ना गो पोराला?"

सगळ्या गेल्यावर मावशी ओट्यावर बसल्या, मीही बसले. वर माझी ट्रंक अर्धी भरलेली होती. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय उठवेना.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला वाटलं होतं ना, की मीच केली?"

त्या नाही म्हणतील असं मी धरून चालले होते. कुणीही नाही म्हटलं असतं. तेवढ्याने मी हसलेही असते, आणि सावकाश दुसरी खोली शोधायला लागले असते.

मावशींनी माझा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"वाटला," त्या म्हणाल्या. "दोन दिस वाटला. दोन दिस भाकर गिलली नाय गेली. मंग बोल्ली, असा आतल्या आत कुजाचा कनाला, बगून घेऊ. बगला. नाय तू. मंग पयली रात झोप लागली."

मी हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने वर गेले आणि ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकले. त्या चाळीत आम्ही पुढे सात वर्षं राहिलो.